खिडकीकडचा स्पीकर

लिफ्ट कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणायचे. चालत्या लिफ्टच्या नुसत्या आवाजावरून तिला कुठे काय दुखतंय ते तो सांगायचा, म्हणून. कंपनीने आवाज आणि थरथर मोजायची यंत्रं आणली होती, पण ती पेटीतून बाहेर निघायची ती कानसेनने मान हलवल्यावर, कागदावर आकडे भरायचे म्हणून; ते आकडे मग कुणी बघत नसे. असं नाव पडल्यावर माणूस जरा ताठ होतोच. कानसेनही झाला होता. त्याच्या कानाबद्दल घरात कुणी शंका काढत नसे. बायकोने तर लग्न झाल्यावर लवकरच त्या बाबतीत हात टेकले होते.

घरात त्याचा जीव होता तो हॉलमधल्या स्टिरिओवर. मधल्या कपाटावर रेकॉर्ड प्लेअर, त्याच्या खालच्या कप्प्यात ॲम्प्लिफायर आणि दोन्ही बाजूंना कमरेइतके उंच लाकडी स्पीकर, एक खिडकीकडे, एक दाराकडे. समोर बरोबर मधोमध एक खुर्ची. ती खुर्ची हलवायची नाही, तिच्यावर धुतलेले कपडे टाकायचे नाहीत, पाहुण्यांनी नकळत तिच्यावर बसलं तर त्यांना गोड बोलून उठवायचं, असे कायदे होते. खुर्चीत बसलं की खिडकी डाव्या हाताला यायची आणि दार उजव्या हाताला.

लेक शिकून परगावी नोकरीला लागली, तेव्हा नवरा-बायकोत ठरलं की आता या संचातली एक वस्तू नवी, भारीतली घ्यायची. एकच. कुठली, ते अर्थातच कानसेनने ठरवायचं. घोडं तिथेच अडलं.

एका संध्याकाळी ती कामावरून आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम होतं तिचं, आणि दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडलेले. दारात चप्पल काढते न काढते तोच नवऱ्याने तिला खुर्चीत बसवलं.

"डोळे मिट आणि ऐक," तो म्हणाला. "खिडकीकडचा दबलाय ना?"

तिने ऐकलं. एक बाई गात होती, मागे व्हायोलिनं होती, आणि त्याच्याही मागे कुणीतरी झांजेवर ब्रश फिरवत होतं. तिला खिडकीकडचं आणि दाराकडचं अगदी सारखं वाटलं. पण तिला चहा हवा होता. नाही म्हटलं तर हाच तुकडा पुन्हा वाजणार, आणि आपण हो म्हणेपर्यंत वाजत राहणार, हेही तिला पाठ होतं.

"हो, थोडासा," ती म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

एवढंच घडलं. वेळ मारून नेली, असं तिला वाटलं. कानसेनला मात्र साक्षीदार मिळाला होता.

मग शोध सुरू झाला. तिचा धाकटा भाऊ एका नाटकगृहात ध्वनियंत्रणा सांभाळायचा. त्याने फोनवरच निकाल दिला की ॲम्प्लिफायर म्हातारा झालाय, तो बदला. दुकानदार म्हणाला की स्पीकर बदलल्याशिवाय काही बदललं असं वाटतच नाही. लेकीने सगळंच काढून टाका आणि मुठीत मावेल असा एक छोटा स्पीकर घ्या असं सुचवलं, तेव्हा बापाने फोन आईच्या हातात दिला आणि त्या दिवशी पुन्हा घेतला नाही. कानसेन म्हणाला, दोष कुठे आहे ते आधी शोधू. लिफ्टमध्येसुद्धा आपण अंदाजाने भाग बदलत नाही.

त्याने पद्धतशीर काम केलं. आधी दोन्ही स्पीकर उचलून त्यांची जागा बदलली, खिडकीकडचा दाराकडे आणि दाराकडचा खिडकीकडे. स्पीकर बिघडला असता तर दबलेपणा त्याच्याबरोबर दाराकडे गेला असता. तो गेला नाही. खिडकीकडूनच दबलेलं येत राहिलं. म्हणजे स्पीकर निर्दोष. मग त्याने ॲम्प्लिफायरच्या मागच्या तारांची अदलाबदल केली. ॲम्प्लिफायरची किंवा प्लेअरची एक बाजू कमजोर असती तर आता तरी ती दाराकडे ऐकू यायला हवी होती. नाही आली. खिडकीकडची बाजू तशीच, तोंडावर उशी धरून बोलल्यासारखी.

"म्हणजे खोलीत दोष आहे," त्याने जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली तेव्हा खिडकीचा पडदा उतरवलेला होता. पडदा आवाज पितो, असं त्याचं म्हणणं. समोरच्या इमारतीतलं एक कुटुंब जेवायला बसलेलं त्यांना दिसत होतं आणि त्या कुटुंबाला हे दोघं. पडद्याने गुण आला नाही, तेव्हा खापर पुस्तकांच्या कपाटावर फुटलं. कपाट बेडरूममध्ये गेलं आणि बेडरूमचं दार अर्धंच उघडायला लागलं. मग गालिचा गेला. हॉल भाडेकरू सोडून गेल्यासारखा दिसू लागला आणि कानसेनच्या नाकावर माशी बसेना. कुणी काही बोललं की तो "काय?" असं अशा सुरात विचारायचा की पुन्हा सांगायची इच्छाच होऊ नये.

एका रविवारी सकाळी भाऊ आपला ॲम्प्लिफायर घेऊन आला. जोडाजोडी झाली. कानसेन खुर्चीत बसला, डोळे मिटून. भाऊ भिंतीला टेकून उभा राहिला आणि ती दारात, हात पुसत.

"तसंच," कानसेन म्हणाला.

भावाने त्याला उठवलं आणि स्वतः बसून ऐकलं. रोज शेकडो लोकांसाठी आवाज बसवणारा माणूस तो; घाई केली नाही त्याने. उठला तेव्हा जरा चाचरतच म्हणाला, "भाऊजी, मला दोन्हीकडचं सारखं ऐकू येतंय."

"तुझे कान नाटकातल्या टाळ्या ऐकून बधिर झालेत."

"असेल तसं. पण सारखंच आहे."

"मग तुझ्या ताईला कसं दबलेलं ऐकू येतं? विचार तिला."

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या मानेवरची शीर फुगली होती. भावाच्या डोळ्यांत साधा प्रश्न होता. मागे गाणं चालूच होतं आणि ते तिला खिडकीकडून आणि दाराकडून, दोन्हीकडून, लख्ख ऐकू येत होतं. आता खरं बोललं तर धाकट्या भावासमोर नवऱ्याची मान खाली जाणार होती, आणि आपलीही.

"मलाही थोडं दबलेलंच वाटतं," ती म्हणाली.

भावाने आपल्या तारा गुंडाळल्या. जाताना जिन्यात त्याने तिला हळूच विचारलं, घरात सगळं बरं आहे ना? तिने मान डोलावली. वर येताना तिला काहीतरी खुपत होतं, पण काय ते तिचं तिलाही नीट कळत नव्हतं.

ते कळलं पुढच्या शनिवारी. सकाळी चहा घेताना कानसेन खुशीत होता, बऱ्याच दिवसांनी. एका वृद्धनिवासातली जुनी लिफ्ट दुरुस्तीनंतर त्याच आठवड्यात त्याने पास केली होती. मोटर जुनाट, पण लोण्यासारखी चालते, तो सांगत होता. पुढे म्हणाला, "खरं सांगू का, हल्ली कुठलंच बेअरिंग खरखरत नाही. कंपनीने नवीन ग्रीस आणलंय ना, ते फार चांगलं निघालं."

तिने ऐकलं आणि कामाला गेली.

दुकानात त्या दिवशी एक गृहस्थ आले. वर्तमानपत्रवाल्यांनी शाई पातळ केलीय, अक्षरं फिकट छापतात, आपण संपादकांना खरमरीत पत्र लिहिणार आहोत, असं ते तावातावाने सांगत होते. तिने त्यांच्या डोळ्यांवर तपासणीची फ्रेम ठेवली आणि एक काच सरकवली. गृहस्थांनी हातातलं वर्तमानपत्र वाचलं, उलटून वाचलं, आणि अगदी हळू म्हणाले, "हा अंक बरा छापलेला दिसतोय."

असं एखादं माणूस आठवड्यातून एकदा तरी यायचं, आणि दुकानातल्या मुलींना हसायला विषय व्हायचा. पण त्या दिवशी तिला हसू आलं नाही. तिच्या हातातली काच तशीच राहिली. दिव्यावर, शाईवर, छापणाऱ्यावर, सगळ्या जगावर खापर फोडतात माणसं, पण डोळ्यावर कधी नाही. आणि कानावर?

मग एकेक आठवायला लागलं. फोन तो हल्ली उजव्या कानालाच लावायचा. जेवताना ती त्याच्या डाव्या हाताला बसायची आणि तिचं निम्मं बोलणं त्याला दोनदा सांगावं लागायचं. तिने ते मनावर घेतलं नव्हतं. बायकोचं ऐकू न येणं हा नवरेमंडळींचा जुनाच आजार, त्याला कोण औषध आणतं. आणि ते ग्रीस. कुठलंच बेअरिंग खरखरत नाही म्हणे.

डोकं दुखतंय असं सांगून ती निघाली. कानसेनला शनिवारी अर्धा दिवस असायचा. घरी आली तेव्हा तो खिडकीकडच्या स्पीकरच्या मागे घोंगडी कोंबत होता.

"लवकर आलीस?"

"हो." तिने पर्स ठेवली. "एक विचारू? मोटर ऐकताना तुम्ही ती रबरी नळी लावता ना, ती कुठल्या कानात धरता?"

"डाव्या. उजवा हात स्विचवर लागतो." तो घोंगडी कोंबतच होता. "का गं?"

ती हॉलच्या मधोमध गेली आणि खुर्चीला हात घातला. फरशीवर पाय करकरले. तिने खुर्ची फिरवून पाठ स्टिरिओकडे केली आणि तोंड समोरच्या उघड्या भिंतीकडे.

"हे काय चाललंय?"

"बसा."

"पाठमोरा? गाणं काय पाठीने ऐकतात?"

"एकदाच बसा. मग म्हणाल ती वस्तू घेऊ. दोन घेऊ."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, त्यामुळे तो बसला. रेकॉर्डवर सुई ठेवायची तिला कधी परवानगी नव्हती. आज तिने ती ठेवली. बाई गाऊ लागली. आता खिडकी त्याच्या उजव्या हाताला होती आणि दार डाव्या हाताला. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होता फक्त मानेवरचा पांढऱ्या केसांचा काठ.

"कुठला दबलाय?" तिने विचारलं.

गाण्याचं एक कडवं संपलं, व्हायोलिनं पुढे आली. त्याचा डावा हात वर गेला आणि त्याने डावा कान झाकून घेतला. थोड्या वेळाने काढला. मग उजवा कान झाकला, आणि तो हात असा झटकन खाली आला की जणू चटका बसला.

"दाराकडचा," तो म्हणाला.

तिने सुई उचलली. खोलीत एकदम इतकं शांत झालं की खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटी वर ऐकू आली. त्याला आली की नाही, कुणास ठाऊक.

"तुला कसं ऐकू येतं?" तो पाठमोराच बोलत होता.

"दोन्ही सारखे."

"आणि त्या दिवशी? मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही सारखेच होते. मी खोटं बोलले."

"भावासमोर?"

"तेव्हाही."

तो उठला. तो ओरडेल असं तिला वाटलं, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या एका होवर मी सगळं घर उपसलं. तुलाही ऐकू येतंय म्हटल्यावर माझ्या कानाची शंका मला येणार तरी कशी?"

तो उत्तरासाठी थांबला नाही. त्याची नजर एकाएकी भलतीकडेच गेली, आणि तिला कळलं की तो आता तिच्याबद्दल विचार करतच नाहीये.

"वृद्धनिवास," तो म्हणाला.

त्याने फोन लावला, उजव्या कानाला. तिथल्या मॅनेजर बाईंनी उचलला. शनिवार म्हणजे भेटीचा दिवस, लिफ्टची सारखी ये-जा चाललीय, ती बंद ठेवणं शक्य नाही, असं त्या सांगत होत्या. शिवाय, त्या म्हणाल्या, तुम्हीच तर पास केलीत.

"हो, मीच केली. म्हणूनच सांगतोय, बंद करा."

बाईंनी बघते म्हणून फोन ठेवला. बघते म्हणजे काय ते दोघांनाही कळलं. त्याने हत्यारांची पिशवी उचलली. ती न विचारता स्कूटरवर मागे बसली. वाटेत एक ट्रक डाव्या बाजूने भोंगा वाजवत अंगावर आला आणि कानसेन सरळ त्याच्याच दिशेला वळायला लागला. तिने त्याचा खांदा घट्ट धरून उजव्या कानाशी सांगितलं, डावीकडून ट्रक आहे, थांबा. मग उरलेल्या रस्ताभर ती डावीकडचं सगळं सांगत राहिली: बस आली, माणूस आडवा येतोय, आता मोकळं आहे. ती सांगेल तसं तो चालवत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचं म्हणणं एकही प्रश्न न विचारता त्याने ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं.

लिफ्ट चालूच होती. खाली दारात माणसांची रांग होती. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एक आजी, त्यांच्या मांडीवर फुलं, मागे काठ्या टेकत उभे असलेले दोघे-तिघे. कानसेन दारात आडवा उभा राहिला. लिफ्ट वरून आली, आतली माणसं उतरली, आणि त्याने कुणालाही आत जाऊ दिलं नाही. मॅनेजर बाई धावत आल्या, चांगल्याच तापल्या होत्या. त्यांना काय उत्तर द्यायचं ते तिच्यावर सोपवून तो जिना चढायला लागला. तिने बाईंना एवढंच सांगितलं की थोडा वेळ द्या, हात जोडते. आणि तीही वर गेली.

गच्चीवरच्या मशीनरूममध्ये तेलाचा उबट वास होता. त्याने रिकामी लिफ्ट चालू केली. मोटर घुमायला लागली. त्याने रबरी नळीचं एक टोक बेअरिंगपाशी धरलं आणि सवयीने दुसरं टोक डाव्या कानात घातलं.

"लोणी," तो म्हणाला.

मग त्याने नळी उजव्या कानात घातली. त्याच्या चेहऱ्यावर आता काही उमटेल, मग उमटेल, म्हणून ती बघत होती. काही उमटलं नाही. फक्त त्याचे डोळे हळूहळू मिटले. त्याने नळी तिच्या हातात दिली. तिने ऐकलं. मोटरच्या घुमण्याच्या आत, खोलवर, कुणीतरी दातांखाली वाळू चावावी तसं काहीतरी सतत करकरत होतं. त्यासाठी कानसेन असायची गरज नव्हती. ते कुणालाही ऐकू आलं असतं.

त्याने मोटर बंद केली आणि झाकण उघडलं. आतलं ग्रीस काळं पडलं होतं आणि टॉर्चच्या उजेडात त्यात धातूची पूड चकाकत होती. लिफ्ट पडली नसती, तो म्हणाला, ब्रेकने धरली असती. पण एके दिवशी मोटर जाम होऊन ती हिसका देऊन थांबली असती, दोन मजल्यांच्या मध्ये. "आत कोण असतं त्या वेळी, कुणास ठाऊक," एवढं बोलून तो झाकण लावायला लागला, आणि स्क्रू काही केल्या त्याला बसवता येईना. तिने तो बसवला. बारीक स्क्रू बसवण्याचीच तर रोजची सवय होती तिला.

खाली येऊन त्याने मॅनेजर बाईंसमोर, रांगेसमोर, आडपडदा न ठेवता सांगितलं: मला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही, ते मला आज कळलं, आणि ही लिफ्ट मी चुकून पास केली. नंतर साहेबांना फोन करून तेच सांगितलं. साहेबांना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी यादी मागितली. अलीकडे पास केलेल्या लिफ्टची नावं कानसेनने आठवून आठवून सांगितली. सगळ्या यंत्राने पुन्हा तपासायचं ठरलं.

फोन झाल्यावर तो त्या आजींकडे गेला. त्यांची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. त्याने आणि तिथल्या मदतनीसाने खुर्ची दोन्हीकडून उचलली, तिने फुलं घेतली. मग काठीवाले आजोबा, मग आणखी कुणी. संध्याकाळपर्यंत ती दोघं जिना चढत-उतरत होती. मॅनेजर बाईंनी शेवटी पाणी आणून दिलं.

कानाच्या डॉक्टरकडे जायला त्याने आढेवेढे घेतले नाहीत. तपासणीसाठी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. बाहेरून तिला सगळं दिसत होतं. उजव्या कानाची पाळी होती तेव्हा त्याचा अंगठा टपटप चालत होता. मग तपासणाऱ्या मुलीने कान बदलला. अंगठा बटणावर तसाच राहिला. मुलीने आवाज वाढवला, अजून वाढवला. अंगठा हलला नाही. तो काचेतून बायकोकडे बघत होता, परीक्षेत काहीच न आठवणाऱ्या पोरासारखा, आणि तिला वाटलं, आत जावं आणि तो अंगठा आपणच दाबावा.

डोक्याचा स्कॅन करावा लागला. निकाल येईपर्यंत दोघांचा जीव टांगणीला लागला होता. घरात स्टिरिओ बंद, पडदा अजून उतरवलेलाच. खोट्याबद्दल तो काही बोलत नव्हता, आणि न बोलणं तिला बोलण्यापेक्षा जास्त लागत होतं. जेवताना ती उठून त्याच्या उजव्या हाताला बसायला लागली. त्याने ते पाहिलं आणि ताट जरा सरकवून तिला जागा केली.

कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर एक छोटी गाठ आहे, असं डॉक्टर म्हणाले. कर्करोगाची नाही. फार हळू वाढते, कधीकधी वाढतही नाही. ठरावीक काळाने स्कॅन करत राहायचं, वाढली तर शस्त्रक्रिया. गेलेलं ऐकू येणं मात्र परत यायचं नाही. मग त्यांनी विचारलं की इतक्या लवकर लक्षात कसं आलं, एका कानाचं बहुतेक लोक फार उशिरा ओळखतात.

"स्टिरिओतली कुठली वस्तू बदलायची, ते ठरवत होतो," कानसेन म्हणाला.

हसावं की नाही ते डॉक्टरांना ठरवता आलं नाही.

दवाखान्याच्या आवारात तो एका बाकावर बसला. ती उजवीकडे बसली.

"यापुढे काही विचारलं तर खरं सांग," तो म्हणाला. "मला राग आला तरी."

"सांगीन. पण तुम्ही विचारता कुठे?" ती म्हणाली. "तुम्ही कबूल करून घेता. नाही म्हणायला जागा ठेवत नाही माणसाला."

त्याने मान हलवली. लिफ्टसाठी हलवायचा तशी ठाम नाही, नुसतीच, थोडी.

कंपनीने त्याला तपासणीवरून काढून दुरुस्तीच्या कार्यशाळेत घातलं. पुन्हा तपासलेल्या लिफ्टमध्ये आणखी एका ठिकाणी खरखर निघाली, बाकीच्या ठीक होत्या. कानसेन हे नाव लोकांनी आपणहून घेणं सोडलं, तेव्हा तोच एकदा म्हणाला म्हणे की अर्धं तरी ठेवा, आणि त्यावर सगळे मोकळेपणाने हसले.

पडदा लावायला भाऊ आला, त्या दिवशी कानसेनने सगळा संच विकून टाकायची भाषा काढली. एका कानाला दोन स्पीकर कशाला, म्हणाला. भाऊ ॲम्प्लिफायरसमोर वाकला आणि त्याने पुढचं एक छोटं बटण दाबलं, कधी कुणी न दाबलेलं. आता दोन्ही बाजूंचं सगळं गाणं दोन्ही स्पीकरमधून येईल, तो म्हणाला, डावीकडचं काही हरवायचं नाही. कानसेनने खुर्ची आडवी लावली, उजवा कान स्टिरिओकडे करून बसला, आणि ऐकलं. बाईचा आवाज होता, व्हायोलिनं होती. झांज आली तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली.

"आता हे खरंच चरचरतंय," तो म्हणाला. आणि मग, जरा थांबून, तिच्याकडे वळून, "की मलाच वाटतंय?"

तिने कान देऊन ऐकलं. चरचरत होतं. थोडंसं, पण होतं. तिने तसं सांगितलं. मग काहीतरी सुचून तिने प्लेअरची सुई काढून रुमालात गुंडाळली आणि दुकानात नेली. तिथे काचांवरचे ओरखडे बघायचं मोठं भिंग होतं, त्याखाली धरली. सुईचं टोक एका अंगाने झिजून सपाट झालं होतं, जुन्या पेन्सिलीसारखं.

म्हणून त्यांनी सुई घेतली. भाऊ ॲम्प्लिफायरसाठी शेवटपर्यंत भांडला आणि हरला. नवी सुई कानसेनने स्वतः बसवली, रेकॉर्ड लावली, आणि खुर्ची आडवी ओढून बसला. ती आता बरोबर स्वयंपाकघराच्या वाटेत येत होती.

"ही खुर्ची इथे चालणार नाही," ती म्हणाली. "मला जाता येत नाही."

तो उठला आणि त्याने खुर्ची थोडी मागे घेतली.